करड्या दगडाच्या खोलीत

माझे माहेर देवणीकडचे, काळ्या दगडाचे. विहिरीचे कठडे काळे, शेताचे बांध काळे, आईचा पाटा-वरवंटा काळा. ओले झाले की ते दगड म्हशीच्या पाठीसारखे तुकतुकत. सासर धर्माबादचे, आणि तिथला दगड करडा, किंचित गुलाबी झाक असलेला. उन्हात तिरपे पाहिले तर त्यात मिठाच्या खड्यांसारखे कण लुकलुकतात. लग्न होऊन आले तेव्हा हा फरक आधी माझ्या तळपायांना कळला. काळ्या दगडाचा स्पर्श घट्ट, करड्याचा रवाळ. या दोन दगडांत आणखीही एक फरक आहे आणि तो ना पायांना कळतो ना डोळ्यांना. तो मला फार उशिरा, गेल्या फाल्गुनात कळला. निमित्त झाली माझी धाकटी जाऊ.

आम्ही नोकरीमुळे लातूरला राहतो. धर्माबादच्या घरी सासूबाई, धाकटे दीर आणि जाऊ. एका सकाळी सासूबाईंचा फोन आला.

“लगोलग ये. धाकटीला दिवस गेलेत.”

मी आनंदाने काही बोलणार, तोच पलीकडून आवाज खाली उतरला. “आन् तिच्या छातीचा फोटो काढलाय.”

आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. जावेचा खोकला बरेच दिवस हटत नव्हता, म्हणून गावातल्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला सांगितले होते. फुप्फुसे स्वच्छ निघाली, औषध मिळाले, विषय संपला. पुढे पाळी चुकली तेव्हा उमगले, की तो फोटो काढताना पोटात जीव आलेला होता. हे पहिलेच बाळंतपण. दिरांनी मोबाइलवर काय काय वाचले, शेजाऱ्यांनी काय काय सांगितले, आणि घरात एक निर्णय जवळजवळ होऊन गेला.

मी पोचले तेव्हा मिरचीचे दिवस होते. बाजाराच्या बाजूने वारा आला की सारा गाव नाक चोळतो, आणि त्या तिखटाला इथे कुणी तिखट म्हणत नाही, हवाच म्हणतात. दारात दीर उभे होते.

“वहिनी, सोमवारी नांदेडला नंबर लावलाय. मोकळं करून आणायचं,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. “उद्या अधू लेकरू झालं तर त्याचं कोण करील?”

जाऊ मधल्या खोलीत होती. या खोलीच्या भिंती टेकडीवरून फोडून आणलेल्या करड्या दगडाच्या आणि फरशीही त्याचीच, घासून गुळगुळीत केलेली. वैशाखातही तिथे पाय गार पडतात. खोलीला एकच लहान खिडकी आहे. आमच्या घरी ग्रहण फार कडक पाळतात. घरात गरोदर बाई असली की तिला या खोलीत बसवायचे, खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे बोळे कोंबायचे, विळी-चाकू आत न्यायचे नाहीत, पाण्यात तुळशीचे पान टाकायचे आणि पोटावर गेरूचा हात फिरवायचा. किरण आत येता कामा नयेत. सासूबाईंनी एक्स-रेसाठीही तेच केले होते. जावेचा मोबाइल काढून घेतला, दूरदर्शन संच बंद केला, खिडकी बुजवली. ग्रहण सुटण्याची वेळ पंचांगात दिलेली असते. हे कधी सुटणार ते कुणालाच ठाऊक नव्हते.

आत गेले तेव्हा आधी वास आला, कोंडलेल्या हवेचा, गेरूचा, आणि कुठूनसा सिगारेटच्या धुराचा. जाऊ भिंतीला टेकून बसली होती.

“अक्का, तुमी लई पुस्तकं वाचता. किरण दिसतात का हो?”

“हे तरी दिसत नाहीत.”

“मंग लागले तर कळतात का? मला नुसतं गार लागलं होतं. फोटोवाल्यानं म्हणलं, पाटीला छाती चिकटवा, श्वास धरा. लोखंडासारखं गार. मंग टक् झालं आन् म्हणला, जा. त्या वेळी आत कुणी हाय, असं ठाऊक असतं तर मी श्वास न्हाई, त्यालाच धरलं असतं.”

तिला मूल हवे आहे का, हे तिला कुणी विचारलेच नव्हते. मीही विचारले नाही. त्या वाक्यानंतर विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. घरात गॅस आहे, पण मनाला घोर लागला की त्या परसातली चूल पेटवतात. त्यांचे माहेर पलीकडे, तेलंगणात. बोलणे सारे आमच्यासारखेच, पण एक तेलुगू शब्द त्यांनी सोबत आणला आणि तो कधी टाकला नाही. दूध उतू गेले, पाहुणा उशिरा आला, कपबशी फुटली, की त्या म्हणतात, “पर्लेदू.” म्हणजे काही बिघडले नाही, चालायचेच. नातेवाइकांत त्यांना कौतुकाने पर्लेदू-मावशीच म्हणतात. त्या दिवशी माझ्या हातून तेलाची वाटी कलंडली, तरी तो शब्द आला नाही.

“आत्याबाई, डॉक्टरांनी मोकळं करायला सांगितलंय का?” मी विचारले.

“डागतर कशाला सांगल? फोटो त्यानंच काढाया लावला.” त्यांनी लाकूड आत सारले. “माझ्या माहेरी शेजारची एक सून ग्रहणात बाहेर आली होती. लेकरू झालं तर वरचा ओठ फाटलेला. दूध नाकातनं यायचं. मी बघितलंय बाई, माझ्या मांडीवर घेतलंय त्याला. म्या काय खुशीनं म्हनून राहिले का, काढा म्हनून?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते धुराचे नव्हते. मला वाद घालता आला असता, पण माझ्याजवळ वादापुरतेही ज्ञान नव्हते. किरण हा शब्द मी आयुष्यभर वर्गात शिकवला, तो सकाळच्या उन्हाचा आणि आशेचा. हे किरण कुठले, किती, कुठून येतात, हे मला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगायचे तर, त्या घरातल्या साऱ्या भीतीच्या तळाशी मला एक कुतूहल चाळवल्यासारखे वाटत होते. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ज्याचा स्पर्श नाही, त्याचे मोजमाप तरी कसे करतात?

हे मोजणारी एक बाई मला माहीत होती. लातूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. ती भौतिकशास्त्राची, मी मराठीची. आता ती नांदेडला एका कर्करोग रुग्णालयात काम करते. उपचाराचे किरण नेमके किती आणि नेमके कुठे पडतात, ते पाहणे हेच तिचे काम. मी तिला फोन केला.

“सोमवारच्या आधी येशील?”

“रविवारी येते. ठेचा असेल तरच,” ती म्हणाली. मग गंभीर होऊन, “तो एक्स-रे आणि कागद फेकू देऊ नकोस. आणि तोवर कुणाला काही करू देऊ नकोस.”

रविवारी ती आली ती पिशवीत एक पिवळे, मुठीत मावेल एवढे यंत्र घेऊन. विद्यार्थ्यांना दाखवायला ते ती जवळ बाळगते.

सासूबाईंनी लांबूनच विचारले, “साखर बघायचं हाय का? माझी परवाच बघितली.”

“न्हाई मावशी. किरण ऐकायचं हाय.”

तिने बटण दाबले. ओसरीवर टिक असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा टिक. मग दोन लागोपाठ. पानावरून थेंब गळावेत तसा त्याला ठेका नव्हता. सासूबाई दोन पावले मागे सरल्या.

“फोटोतले किरण अजून घरात फिरून राहिले की काय?”

“फोटोचे किरण बटण सुटलं की संपले, मावशी. दिवा विझल्यावर उजेड मागं राहतो का? तसंच हाय. तिच्या अंगात काही साठलेलं न्हाई.”

“मंग हे काय वाजून राहिलंय?”

“काही वरून येतात, आभाळापल्याडून. बाकीचे खालून, ह्या जमिनीतून. तुम्ही जन्मल्या त्याच्या आधीपासून वाजतंय. यंत्र नव्हतं म्हणून ऐकू येत नव्हतं.”

मी त्या आवाजाकडे कान लावून राहिले. लग्न होऊन याच ओसरीवर मी माप ओलांडले, याच ओसरीवर माझ्या पोराने पहिले पाऊल टाकले, आणि तेव्हाही हे असेच, कुणाचे लक्ष नसताना, टिकटिकत होते.

मैत्रीण यंत्र घेऊन मधल्या खोलीत गेली. आम्ही मागोमाग. दाराशी आल्यावर टिकटिक दाट झाली. भिंतीजवळ आणखी दाट. जाऊ घाबरून उठून बसली.

“इथं जास्त कामून?” सासूबाईंनी विचारले.

“दगड. ह्या करड्या दगडात युरेनियम, थोरियम असं काहीबाही अगदी कणभर असतं. तुमच्या साऱ्या टेकड्याच त्याच्या. आणि इथं चारी बाजूंनी दगड, खाली दगड. म्हणून ओसरीपेक्षा जास्त.” मग माझ्याकडे वळून, “तुझ्या देवणीचा काळा दगड यात फार अबोल. लातूरला तुझ्या घरी हे यंत्र किती निवांत असतं, ते दाखवीन कधी.”

माझ्या दोन दगडांतला तो तिसरा फरक हा होता.

तिने खिडकीतल्या चिंध्यांकडे पाहिले आणि हसू आवरले, ते मला दिसले. ती सासूबाईंजवळ जाऊन बसली. “मावशी, ह्या दगडातून एक वायूपण झिरपतो, तोही किरण सोडणारा. वास न्हाई, रंग न्हाई, ह्या यंत्रालाही तो मोजता येत न्हाई. खिडकी उघडी असली की निघून जातो. बोळे कोंबले की इथंच साठतो, श्वासासंगं फुप्फुसात जातो. आठवड्याभरात काही होत न्हाई, घाबरू नका. पण किरणांना बाहेर ठेवायला म्हणून आपण त्यांच्याच घरात जाऊन दार लावून बसलोय.”

सासूबाईंचा चेहरा मला पाहवेना. पण त्यांनीच मान वर केली. “फोटोत किती लागलं असंल मंग? ते सांग.”

मैत्रिणीने एक्स-रे उजेडाला धरला. काळ्या पाटीवर जावेच्या बरगड्या, धुक्यातल्या फांद्यांसारख्या. तिने सोबतचा कागद वाचला.

“हा छातीचा हाय. किरणांचा झोत छातीवरच. पोटापर्यंत पोचतात ते नुसते शिंतोडे. त्या फोटोत बाळापर्यंत जेवढं गेलं असेल, तेवढं ह्या खोलीत एक-दोन दिवस बसून जातं. आणि दोन्हीनं बाळाचं काही बिघडत न्हाई. पोटाचा सीटी स्कॅन असता तर मी इतक्या सहज बोलले नसते. तेव्हा हिशोब मांडून डॉक्टरांशी बोलावं लागलं असतं. सगळे फोटो सारखे नसतात.”

“आन् त्या ओठाचं?” सासूबाईंनी विचारले. मी मैत्रिणीला ते आधीच सांगितले होते.

“तसे ओठ ग्रहण पाळणाऱ्यांच्या घरीही होतात, मावशी, न पाळणाऱ्यांच्याही होतात. आता शिवून नीट करतात.”

बोलता बोलता तिची नजर दाराकडे गेली. दीर चौकटीला टेकून उभे होते. काळजीत असले की ते एकामागून एक ओढतात. हातातली सिगारेट त्यांनी पाठीमागे नेली, पण धूर खांद्यावरून वर आला.

“भाऊ, तुम्हाला किरणांचंच भ्यायचं असेल तर तंबाखूच्या पानातही असतात. धुराबरोबर आत जातात,” मैत्रीण म्हणाली. “पण ते सोडा. किरण नसते तरी हा धूर पोटातल्या बाळाला वाईटच. ह्या घरात बाळानं कशाला भ्यावं, असं मला विचाराल तर मी दगड दाखवणार न्हाई, फोटो दाखवणार न्हाई. तुमचा हात दाखवीन.”

मग सासूबाई उसळल्या.

“हाव! म्या पोरीला कोंडून घातलं, आन् हा दारात हुबा राहून धुपारती करून राहिला!”

“माय, मी तर बाहेर सोडत होतो…”

“बाहेर? खिडकी म्या बुजवली, मंग धूर कुठं जाईल, माझ्या डोस्क्यात?”

जावेने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. रडत असावी म्हणून मी जवळ गेले, तर ती हसत होती.

त्यानंतर जे झाले त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. भीतीने मागे सरणाऱ्या सासूबाई आता एकेक वस्तू आणून यंत्रापुढे ठेवू लागल्या. पितळी तांब्या. देवघरातली समई. दिरांचा मोबाइल. त्यावर टिकटिक जराही बदलली नाही. “ह्याच्या लहरी वेगळ्या जातीच्या. यंत्राला ऐकू येत न्हाईत, आणि शरीरातलं काही मोडण्याइतका जोरही त्यांच्यात नसतो,” मैत्रीण म्हणाली. मग अर्धापूरची केळी आली. दिरांनी कुठेसे वाचले होते की केळ्यातही किरण असतात.

“असतात. पण इतके थोडे की ह्याला कळणारच न्हाईत.” तिने केळे सोलून खायला सुरुवात केली. “त्यातलं पोटॅशियम. ते तर आपल्या अंगात कायमच असतं. जास्त खाल्लं तर अंग जादाचं टाकून देतं, लागतं तेवढंच ठेवतं. त्यातला एक बारीक भाग सतत किरण सोडत असतो. तुमच्यातून, माझ्यातून.”

“माझ्यातनं पण?” जावेने विचारले. तोवर ती एकदाही मधे बोलली नव्हती. “म्हंजी आत, त्याच्याकडं?”

“हाव. आणि थोड्या दिवसांनी त्याच्यातून तुझ्याकडं.”

जावेने हळूच पोटावर हात ठेवला. गेरूचा वाळलेला लेप तिच्या बोटांखाली चुरला आणि तांबूस पूड साडीवर सांडली. यंत्र तेवढे आपल्या लयीत, म्हणजे लयीवाचून, वाजत होते.

शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून एक डबा काढून आणला. सासरे हयात होते तेव्हा लग्नाच्या वरातींना गॅसबत्त्या भाड्याने देत. बत्तीत जळून लख्ख उजेड देणाऱ्या त्या जाळीदार पिशव्या, मेंटल म्हणतात त्यांना, अजून न वापरलेल्या, कागदात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. यंत्र जवळ नेताच तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज उठला. आम्ही सारेच दचकलो.

“थोरियम,” मैत्रीण म्हणाली. “जुन्या मेंटलात घालायचे, उजेड वाढावा म्हणून.”

“ह्यांनी तर उभा जन्म हातानं बांधले हे,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आन् पार म्हातारे होऊन गेले. म्हंजी कायच होत न्हाई की.”

“तसं न्हाई म्हणायचं मावशी. एका माणसावरून काही ठरत न्हाई.” मग ती फार मायेने म्हणाली, “आणि एका ओठावरूनही न्हाई.”

मैत्रिणीने मेंटल नीट पिशवीत बांधायला सांगितले. जवळ ठेवून झोपू नका, ठिसूळ झालेले हाताळून त्याची धूळ उडवू नका आणि पुढे लेकराच्या हाती लागू देऊ नका, एवढेच. “लेकराच्या हाती” हे ती अगदी सहज बोलून गेली. ते शब्द खोलीत राहिले.

निघताना ती म्हणाली, “निर्णय मी देणारी न्हाई. उद्या जाताच आहात, तर तिथल्या डॉक्टरबाईंना आधी हा फोटो दाखवा. मग काय ते बोला.”

संध्याकाळी सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे न पाहता भिंतीवरून तळहात फिरवला.

“माझी दोन्ही पोरं ह्याच खोलीत झाली. तुझा नवरा त्या कोपऱ्यात.”

सोमवारचे रद्द झाले, असे मात्र त्या म्हणाल्या नाहीत. जाऊ रात्रभर कूस बदलत राहिली, हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होते.

सोमवारी आम्ही सगळे नांदेडला गेलो. डॉक्टरबाईंनी एक्स-रे पाहिला, तारखा विचारल्या, जावेला तपासले. मग चष्मा काढून दिरांना विचारले, “काढायचं कारण काय?”

“त्ये किरण…”

“ह्या एक्स-रेनं बाळाला काही झालेलं नाही. हे कारण होत नाही.” मग त्या जावेकडे वळल्या. “तुला काय वाटतं?”

जाऊ इतकेच म्हणाली, “ठेवायचंय.” आवाज बारीक होता, पण अडखळला नाही.

सोनोग्राफीसाठी आत घेतले तेव्हा सासूबाईंनी दारातच अडवले. “ह्याच्यात किती किरण हायत?”

“किरण नाहीतच, आजी. हा आवाज आहे. माणसाला ऐकू येत नाही असा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत भीती नव्हती. ऐकू न येणाऱ्या आणखी एका गोष्टीची त्यात नोंद होती. पडद्यावर काळोखात एक ठिपका लुकलुकत होता, करड्या दगडातल्या कणासारखा.

घरी पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. पाय धुऊन सासूबाई सरळ मधल्या खोलीत गेल्या आणि खिडकीतल्या चिंध्या ओढू लागल्या. बोळे घट्ट बसले होते. दिरांनी उलथन्याची मूठ घालून ते उपसले. पल्ला कुरकुरला आणि एकदम उघडला.

आणि बाजारावरून मिरचीचा वारा सरळ आत आला. आधी दीर शिंकले, मग मी, मग सासूबाई, पदर नाकाला लावून, लागोपाठ. जाऊ दोन्ही हातांनी पोट धरून शिंकत होती आणि शिंकता शिंकता हसत होती. तिला सावरायला वळताना माझ्या हाताचा धक्का लागून कोपऱ्यातली गेरूची वाटी कलंडली. करड्या फरशीवर तांबडा ओघळ पसरत गेला.

सासूबाईंनी डोळे पुसत त्याकडे पाहिले.

“पर्लेदू,” त्या म्हणाल्या, आणि खिडकीचा दुसरा पल्लाही ढकलून दिला.